गोल्डफिशची अंडी हाताने फर्टिलाइज करणं, फेब्रुवारी अपडेट

मंडळी, यावेळी ड्राय मेथड (पाणी न लागू देता अंडी आणि स्पर्म आधी एकत्र करायची पद्धत) मनासारखी जमलीये, म्हणून सगळं सविस्तर टाकतोय.

मी या नादाला लागलो ते स्क्विडमुळे, म्हणजे आपल्या कोकणातल्या माकुलामुळे. जपानमध्ये 1990 च्या दशकात स्क्विडची अंडी लॅबमध्ये फर्टिलाइज करताना लक्षात आलं की अंडं आणि स्पर्म एकत्र केलं की काम संपत नाही, मादीच्या अंडनलिकेजवळच्या ग्रंथीतला जेलीसारखा पदार्थ सोबत मिसळावा लागतो, नाहीतर अंड्याचं बाहेरचं कवच नीट फुगतच नाही आणि आतलं पिल्लू वेडंवाकडं वाढतं. हे वाचल्यापासून डोक्यातून जाईना. पण सोलापुरात जिवंत माकुल कुठून आणणार, म्हणून गोल्डफिश. शिवाय स्क्विडची अंडी काढायला मादी मारावी लागते, इथे ती परत टाकीत पोहायला लागते, मला हे फार मोलाचं वाटतं.

जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपली की आपल्याकडे थंडी उतरायला लागते, पाणी 20-22 डिग्रीवर येतं, तीच वेळ धरायची, एप्रिलच्या उन्हात नको. नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर पांढरे बारीक दाणे दिसले की तो तयार. मादीचं पोट मऊ पाहिजे आणि अगदी हलक्या दाबाने अंडी आली पाहिजेत, नाही आली तर सरळ सोडून द्या, जोर लावू नका. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी 1957 मध्ये ओडिशात अंगुलला पिट्यूटरीच्या (मेंदूखालच्या ग्रंथीच्या अर्काच्या) इंजेक्शनने कार्पची, म्हणजे गोल्डफिशच्याच कुळातल्या माशांची, पैदास करून दाखवली आणि आजच्या हॅचऱ्या त्याच वाटेने चालतात, पण घरच्या टाकीत हवामानाने आपसूक पिकलेली मादी मला जास्त भरवशाची वाटते.

आता मुख्य मुद्दा, पाणी. मासा टॉवेलने हळूच टिपून घ्या, डिश कोरडी ठक्क पाहिजे. नराच्या मिल्टमध्ये, म्हणजे स्पर्म असलेल्या पांढऱ्या द्रवात, स्पर्म निपचित असतात, गोडं पाणी लागलं की धावायला लागतात आणि मिनिटभरात बहुतेक थकतात, तिकडे अंड्याला पाणी लागलं की त्याचं स्पर्म आत जायचं बारीक छिद्रही बंद व्हायला लागतं. म्हणून आधी अंडी, त्यावर मिल्ट, पिसाने हलकं फिरवायचं आणि मगच पाणी. नळाला रोज पाणी नसल्याने पिंपात साठवलेलं असतंच, त्यातला क्लोरीन उडालेला असतो, तेच वापरलं.

अंडी चिकट असतात. चिकटपणा घालवायला हॅचरीवाले 10 लिटर पाण्यात 30 ग्रॅम युरिया आणि 40 ग्रॅम मीठ घालून त्यात ढवळतात, मी मात्र डिशलाच पसरून चिकटू दिली कारण मायक्रोस्कोपखाली बघायचं होतं. आणि काय दिसलं म्हणून सांगू! साधारण तासाभरात पिवळ्या बलकाच्या डोक्यावरची पारदर्शक टोपी मधोमध दुमडली, दोन पेशी, मग चार, आणि खालचा बलक जसाच्या तसा. माकुलाचं अंडंही असंच फक्त वरच्या टोपीत विभागतं, मासा आणि माकुल एकमेकांचे इतके लांबचे असून.

दुसऱ्या दिवशी पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरने लगेच उचलली, नाहीतर बुरशी शेजारच्यांना धरते. पाण्यात मिथिलीन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध) अगदी फिकट. बाकीच्यांत आता डोळ्यांचे काळे ठिपके दिसतायत आणि शेपट्या फडफडतायत. आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची) अंडी आजच भिजत घालतोय, पिल्लं पोहायला लागेपर्यंत खाणं तयार पाहिजे.