ग्योटिंगन जगात कितवी? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

जर्मनीत ग्योटिंगनला पीएचडी केली असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "जगात कितवी आहे हो ती युनिव्हर्सिटी?" लग्नात भेटलेले काका विचारतात, एमएस्सीची मुलं मेसेज करून विचारतात, आणि मुलांचे आईवडील तर फार काळजीने विचारतात कारण त्यांना कर्ज काढायचंय, त्यांचं बरोबरच आहे. इतकी वर्षं मी काहीतरी आकडा सांगून मोकळी व्हायचे. पण आता नीट सांगते, थोडं लांबेल.

एका यादीत ग्योटिंगन जगात दुसरी होती. खरंच. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचे लोक एक रँकिंग काढतात, त्यात प्रसिद्धी, सर्व्हे, वसतिगृहं असलं काही नसतं, फक्त पेपर आणि त्या पेपरांना मिळालेली सायटेशन्स, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरांत त्यांचा किती वेळा संदर्भ दिला ते. 2011-12 च्या यादीत 500 युनिव्हर्सिट्या होत्या आणि दर पेपरामागे सरासरी सायटेशन्स किती (विषय आणि साल बघून जुळवून घेतलेली) या मापाने ग्योटिंगन दोन नंबरवर. आता गंमत नाही, अगदी गंभीर गोष्ट सांगते: त्याच लायडनवाल्यांनी आपल्या अहवालात लिहून ठेवलंय की यातला एक पेपर, फक्त एक, बाजूला काढला तर ग्योटिंगनची सरासरी 2.04 वरून 1.09 वर येते आणि नंबर दोनचा होतो 219.

तो पेपर आमच्याच विषयातला, म्हणून मला हे इतकं जवळचं आहे. ग्योटिंगनचेच प्रोफेसर जॉर्ज शेल्ड्रिक यांचा, 2008 सालचा, शेलएक्स नावाच्या प्रोग्रामचा थोडक्यात इतिहास. ज्यांना क्रिस्टलोग्राफी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रेणूचा आकार डोळ्यांनी दिसत नाही, मग काय करायचं, त्या पदार्थाचा एक चांगला स्फटिक वाढवायचा (छोट्या बाटलीत द्रावण ठेवून कधी कधी महिनाभर वाट बघायची, बाटलीला धक्कासुद्धा लावायचा नाही), त्यावर एक्स-रे सोडायचे, ते विखुरले की हजारो ठिपके मिळतात, आणि त्या ठिपक्यांच्या तीव्रतेवरून कुठला अणू कुठे बसलाय हे गणित करून काढायचं. हे गणित हाताने होणारं नाही. शेलएक्स ते करतं. अणू कुठे असतील याचं तुमचं अंदाजी मॉडेल घेतं, त्यावरून ठिपके कसे यायला हवेत ते काढतं, खऱ्या ठिपक्यांशी ताडून बघतं आणि अणू जरा जरा सरकवत फरक कमी करत नेतं. शेल्ड्रिकनी हे 1970 च्या दशकापासून लिहीत, सुधारत आणलं आणि युनिव्हर्सिट्यांमधल्या लोकांना फुकट दिलं. आपल्याकडच्या लॅबमध्ये पण तेच चालतं.

त्या पेपरच्या सारांशातच त्यांनी म्हटलं होतं की शेलएक्सचे प्रोग्राम वापरले तर संदर्भ म्हणून हा पेपर देता येईल. लोकांनी दिला. 2010 संपेपर्यंत 16000 च्या वर सायटेशन्स! ज्या जर्नलमध्ये तो छापला त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या अलीकडच्या पेपरांना सरासरी किती सायटेशन्स मिळाली त्याचा आकडा) 2 च्या आसपास होता तो 2009 ला जवळजवळ 50 झाला. बाकीचे पेपर होते तसेच होते.

सरासरीचं हे असंच असतं. सोसायटीत पन्नास घरं आहेत आणि त्यातल्या एकाने मोठी कंपनी विकली तर त्या वर्षी सोसायटीचं सरासरी उत्पन्न कोटीत जाईल, बाकी एकोणपन्नास घरांत महिनाअखेर तशीच. म्हणून लायडनवाले दुसरं माप जास्त भरवशाचं मानतात, तुमच्या पेपरांतले किती टक्के पेपर आपापल्या विषयातल्या वरच्या 10 टक्क्यांत बसतात ते. एखादा पेपर कितीही मोठा असला तरी तिथे तो एकच धरला जातो.

हे ऐकून काही जण म्हणतात, म्हणजे तो दुसरा नंबर खोटाच की. इथे मला थांबवावंसं वाटतं. शेलएक्सचा उपयोग खोटा नव्हता, उलट त्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त होता. 2008 च्या आधी लोक काय लिहायचे, "शेलएक्सएल-97, ग्योटिंगन विद्यापीठ" एवढंच, प्रोग्रामचं नाव आणि गाव. तो जर्नलमधला पेपर नाही म्हणून तो कुठल्या बेरजेत धड येत नव्हता. काम तेच, वापर तोच, वर्षानुवर्षं, आणि श्रेय मोजलं गेलं कधी, तर जर्नलमध्ये अकरा पानांचा पेपर छापला तेव्हा. पुढे मोजणीची वर्षं सरकली, पेपर त्या खिडकीबाहेर गेला. लॅबमध्ये कोणी शेलएक्स वापरायचं थांबवलं नाही.

ग्योटिंगनमध्ये राहिलं की हा विचार आपोआपच मनात येतो. तिथल्या जुन्या घरांवर पांढऱ्या पाट्या आहेत, इथे अमुक राहायचे म्हणून, आणि शहराच्या दफनभूमीत प्लांक, बॉर्न, हान असे आठ नोबेलवाले आहेत, मी रविवारी तिथे फिरायला जायचे. रीमान या गणितज्ञाने 1854 मध्ये भूमितीवर तिथे एक व्याख्यान दिलं. ते छापून आलं 1868 ला, तेव्हा तो जाऊन दोन वर्षं झाली होती. आणि आइन्स्टाइनने 1915 मध्ये गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत पूर्ण केला तो त्याच भूमितीवर. कुठल्या पाच वर्षांच्या मोजणीत बसवणार हे? पण उलटी बाजूही आहे, जुनं वैभव आजच्या विद्यार्थ्याच्या कामाचं असतंच असं नाही. 1933 ला नाझींनी बॉर्न, नोएथर, कूरांट या तिथल्या प्राध्यापकांना ज्यू म्हणून पदावरून दूर केलं, त्यांचे सहकारी फ्रांक यांनी निषेध म्हणून स्वतःच राजीनामा दिला, आणि गणित-भौतिकीचं ते जगातलं केंद्र काही महिन्यांत रिकामं झालं. पाट्या राहिल्या.

आणि पुणेकरांना एक सांगायचंच आहे. डेक्कन कॉलेजात 1866 ते 1881 संस्कृत शिकवणारे कीलहॉर्न नंतर ग्योटिंगनलाच प्रोफेसर झाले. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी संपादित केलेली आवृत्ती 1880 ते 1885 मध्ये मुंबईत छापली गेली, पुढे का. वा. अभ्यंकरांनी ती सुधारली आणि भांडारकर संस्थेने काढली, व्याकरणाचा अभ्यास करणारे आजही तीच उघडतात. रा. गो. भांडारकरांना 1885 मध्ये मानद पीएचडी दिली तीही ग्योटिंगननेच. सव्वाशेहून जास्त वर्षं वापरात असलेलं पुस्तक, पण रँकिंगसाठी जे डेटाबेस वापरतात ते मुख्यतः जर्नलमधले पेपर मोजतात, त्यामुळे हे काम तिथे जवळपास दिसतच नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं.

तर मुलांनो, यादी बघूच नका असं मी म्हणत नाही. बघा, पण कुठल्या वर्षांचे पेपर धरलेत, सरासरी आहे की टक्केवारी, आणि तुमच्या विषयाचा आकडा वेगळा दिलाय का हे बघा. मग ज्यांच्याकडे काम करायचंय त्या ग्रुपचे गेल्या चार-पाच वर्षांतले पेपर काढून वाचा, त्यांची पद्धत, त्यांचा डेटा, त्यांचा प्रोग्राम बाहेरचं कोणी वापरतंय का ते शोधा. आणि त्यांच्या आताच्या विद्यार्थ्याला एक मेल टाका, बहुतेक जण उत्तर देतात.

मागच्या महिन्यात लातूरच्या एका मुलाचा फोन होता, एमएस्सी नुकतीच झालेली, त्याचाही प्रश्न हाच, मॅडम कितवी आहे. मी विचारलं प्रोजेक्टमध्ये काय केलंस, तर म्हणाला एका कॉपर कॉम्प्लेक्सचं स्ट्रक्चर. म्हटलं तुझी सीआयएफ फाइल (स्ट्रक्चरची सगळी माहिती ज्यात ठेवतात ती) उघड आणि त्यात शेल्ड्रिक हे नाव शोध बरं. फोन चालू ठेवूनच त्याने शोधलं. थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "मॅडम, आहे. तीन ठिकाणी आहे."