माझा अनुभव : चावी बरोबर, तरी एसएसएच आत घेईना

'परमिशन डिनाइड, पब्लिककी.' दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने, पासवर्डऐवजी चावीची फाइल वापरून लॉगिन करताना मिळालेल्या या ओळीवरचा माझा राग अजून गेलेला नाही. चावी चुकली, फाइल सापडली नाही की नावच यादीत नाही, यातलं काहीही ती सांगत नाही. हे मुद्दाम केलेलं असतं, हे मलाही कळतं. नकाराचं कारण बाहेरच्याला सांगितलं तर चोराचीच सोय. पण त्या रात्री बाहेरचा मीच होतो.

काम अगदी साधं होतं. सर्व्हरची मुख्य डिस्क भरत आली होती, म्हणून सगळ्यांच्या होम डिरेक्टरी (प्रत्येकाचं स्वतःचं फोल्डर, लॉगिनच्या चाव्यांची यादीही त्यातच) '/होम' मधून उचलून '/डेटा/होम' मध्ये न्यायच्या. आरसिंकने कॉपी केल्या, यूजरमॉडने प्रत्येकाचा पत्ता बदलला, अर्ध्या तासात उरकलं. खूश होऊन मी चालू सेशन बंद केलं आणि नव्याने लॉगिन करायला गेलो, तर वरची ओळ. पासवर्डने लॉगिन आम्ही केव्हाच बंद केलेलं. नशिबाने व्हर्च्युअल मशीनचा कॉन्सोल (एसएसएचशिवाय थेट मशीनवर काम करायची खिडकी) होता, तिथून रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला यूजर, म्हणून आत शिरलो.

पहिला तास मी लॅपटॉपला दोष देण्यात घालवला. एसएसएचला तीन व्ही लावून, म्हणजे सगळं सविस्तर बोलायला लावून बघितलं. 'ऑफरिंग पब्लिक की' अशी ओळ येत होती, पण त्यानंतर 'सर्व्हर अ‍ॅक्सेप्ट्स की' काही येत नव्हतं. म्हणजे चावी पोचत होती आणि सर्व्हर नाही म्हणत होता. इथेच लॅपटॉप बाजूला ठेवायला हवा होता. पण माझी चावी जुन्या आरएसए प्रकारची, आणि ओपनएसएसएच ८.८ पासून, म्हणजे २०२१ पासून, एसएचए-१ (जुनी, कमकुवत हॅश पद्धत) वाल्या आरएसए सह्या आपोआप चालत नाहीत हे कुठेतरी डोक्यात बसलेलं. (आरएसए चावी त्यामुळे बाद होत नाही, फक्त सही एसएचए-२ ने करावी लागते. दोन्हीकडचं ओपनएसएसएच नवं असेल तर ते आपलं आपण जमवून घेतं.) तरी मी ईडी२५५१९ या प्रकारची नवीन चावी बनवली. कॉन्सोलमध्ये पेस्ट चालेना, म्हणून ६८ अक्षरं एकेक करून टाइप केली, छोटा एल आणि मोठा आय यांच्यावर डोळे फोडत. नकार जसाच्या तसा.

मग घाबरलेला माणूस करतो तेच केलं. पूर्ण '/डेटा/होम' वर सीएचमॉड ७७७ (कुणालाही वाचायची, लिहायची, चालवायची मुभा), आतल्या सगळ्यासकट. हे लिहिताना लाज वाटते. फरक शून्य. 'सिक्युअर' लॉगमध्येही फक्त ऑथेंटिकेशनच्या आधीच कनेक्शन बंद झाल्याची नोंद. (डेबियन-उबुंटूवर हाच लॉग 'ऑथ डॉट लॉग' या नावाने असतो.)

शेवटी ठरवलं, एसएसएचडी (सर्व्हरवर एसएसएच लॉगिन घेणारा प्रोग्राम) हाताने चालवून त्याच्याच तोंडून ऐकायचं. डीबगसाठी -डी, आणि वेगळा पोर्ट २२२२. तर तो म्हणे, मला पूर्ण पाथ देऊन चालव. दिला. फायरवॉलमध्ये पोर्ट उघडला. दुसरी गंमत म्हणजे डीबगमधला एसएसएचडी एकच कनेक्शन घेतो आणि बंद पडतो, त्यामुळे प्रत्येक प्रयत्नाला कॉन्सोलवर परत जा, परत चालव. पण बोलला एकदाचा : 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स'. होम डिरेक्टरीत मालकाशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिता येत असेल तर एसएसएचडी तिथल्या चाव्यांवर विश्वासच ठेवत नाही. स्ट्रिक्टमोड्स म्हणतात ते हेच. होम ७००, डॉट एसएसएच ७००, त्यातल्या फाइली ६००, म्हणजे मालकाशिवाय कुणाला काहीच मुभा नाही. सगळ्यांच्या सरळ केल्या आणि २२२२ वरून पहिल्या फटक्यात आत!

मी खुर्चीतून उठलोच होतो. २२२२ बंद केला, नेहमीच्या २२ वरून गेलो.

परमिशन डिनाइड, पब्लिककी.

तेव्हा लक्षात आलं की इतका वेळ मी जे शोधलं आणि दुरुस्त केलं, ते माझंच ७७७ होतं. मूळ दुखणं जागच्या जागी. आणि आता तर कोडं आणखी वाईट : तोच प्रोग्राम, तीच कॉन्फिग, तीच चावी, तीच फाइल. हाताने चालवला तर आत घेतो, सर्व्हिस म्हणून चालला तर हाकलतो. सर्व्हिस चारदा रीस्टार्ट केली. एसएसएचडीला मोठा टी लावून लागू असलेल्या सगळ्या सेटिंग छापून घेतल्या आणि ओळीला ओळ लावून ताडल्या. पोर्ट सोडला तर काडीचा फरक नाही. एक तास तसाच गेला. मशीन रीबूट करून पाहिलं, तेही दोनदा.

मग चहाचा कप धुताना प्रश्न उलटा पडला. फरक प्रोग्राममध्ये नसेल, तर तो कोण चालवतोय त्यात असेल. लिनक्समध्ये नेहमीच्या परवानग्यांवर एसईलिनक्स नावाचा आणखी एक पहारेकरी असतो, आणि रूटच्या शेलमधून चालवलेला एसएसएचडी त्याच्या दृष्टीने मोकाट असतो. सिस्टमडीने (सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) सुरू केलेला मात्र स्वतःच्या डोमेनमध्ये बांधलेला, आणि त्याला ठरलेल्या लेबलच्याच फाइली वाचता येतात. फाइलींची लेबलं दिसावीत म्हणून एलएसला मोठा झेड लावला. जुन्या '/होम' मध्ये डॉट एसएसएचवर 'एसएसएच होम टी' हे लेबल, '/डेटा/होम' मध्ये सगळीकडे 'डिफॉल्ट टी'. आरसिंकला मी नुसता -ए दिला होता. त्याने मालक आणि परवानग्या आणल्या, लेबलं आणली नाहीत. त्यासाठी मोठा एक्स लागतो. सेटएनफोर्स शून्य केलं (एसईलिनक्सची सक्ती तात्पुरती बंद), २२ वरून आत. परत एक केलं, बाहेर. ऑडिट लॉग उघडला तर तिथे नकारांची रांग, संध्याकाळपासूनची. मी त्या फाइलकडे फिरकलोच नव्हतो.

एसईलिनक्स कायमचं बंद करून टाका, असा सल्ला तुम्हाला मिळेलच. तसं करू नका, दुरुस्ती दोन ओळींची आहे. सेमॅनेज एफकॉन्टेक्स्टला -ए आणि -ई देऊन '/डेटा/होम' ला '/होम' सारखंच समज म्हणून सांगायचं, मग रिस्टोअरकॉन आतपर्यंत चालवायचं. सीएचकॉनने हाताने लेबल लावलं तरी त्या वेळेपुरतं चालतं, पण पुढे कधी सिस्टम रीलेबल झाली की ते पुसलं जातं आणि तुम्ही परत दारात.

आता आठवलं म्हणून : कॉन्फिगमध्ये लॉगलेव्हल डीबग केलं असतं, तर २२ वरच्या एसएसएचडीनेच ऑथराइज्ड कीजची (मंजूर चाव्यांची) फाइल उघडता येत नाही असं लॉगमध्ये लिहिलं असतं, आणि २२२२ चा सगळा खटाटोप वाचला असता. काम झाल्यावर ते परत खाली आणा. कॉन्फिगला हात लावला की रीस्टार्टच्या आधी एसएसएचडी -टी चालवा, चूक असेल तर तिथेच कळते. लॅपटॉपवर चाव्या सांभाळणाऱ्या एजंटमध्ये ढीगभर चाव्या असतील तर आयडेंटिटीजओन्ली लावा, म्हणजे सांगितलेलीच चावी पुढे केली जाते. सर्व्हर मुळात ६ प्रयत्नच देतो आणि तुमची खरी चावी सातवी असू शकते. आणि चालू सेशन, कृपा करून, बंद करू नका. दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन झालेलं डोळ्यांनी दिसेपर्यंत नाही. मी त्या रात्रीनंतर दोन दिवस एक सेशन तसंच उघडं ठेवलं होतं.

सकाळी सगळे आत आले. दहा मिनिटांत पहिला मेसेज : "गिटमध्ये सगळ्याच फाइली बदललेल्या का दिसतायत?" होम आणि डॉट एसएसएच मी सरळ केलं होतं. बाकीच्या हजारो फाइली अजून ७७७ होत्या, आणि फाइल चालवण्याजोगी झाली की गिट (फाइलींतले बदल नोंदवणारं साधन) तो बदलच धरतं.