सकाळी आकडे, दुपारी चौकटी : सिरीयलने खाल्लेले नऊ दिवस

कांदाचाळीत साठवलेल्या कांद्याला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. हवा त्याहून दमट झाली की सड लागते. म्हणून यंदा चाळीत पाच ठिकाणी मोजमाप करायचं ठरवलं. पाच तयार बोर्ड महाग पडतात. मी सुट्या एटमेगा३२८पी चिपा (प्रोग्राम भरता येणारे छोटे संगणकच) आणल्या, प्रत्येकीला तापमान-आर्द्रता मोजणारा डीएचटी२२ सेन्सर लावला आणि चिपची तार लॅपटॉपच्या यूएसबीला जोडणाऱ्या यूएसबी-टीटीएल मॉड्यूलमधून आकडे सिरीयल पद्धतीने, म्हणजे एकामागून एक बिट पाठवून, लॅपटॉपवर घ्यायचे असं ठरलं.

पहिल्या दिवशी स्क्रीनवर नुसता कचरा आला, तो अर्ध्या तासात गेला. कोरी चिप १ मेगाहर्ट्झवर चालते, कारण आतल्या ८ मेगाहर्ट्झला आठाने भागणारा फ्यूज (चिपमधली कायम राहणारी सेटिंग) कारखान्यातूनच लागलेला असतो. माझा प्रोग्राम ८ धरून केलेला. सेकंदभर पेटायला सांगितलेला एलईडी आठ सेकंद पेटून राहिला, तिथेच उलगडलं. लॅपटॉपवर आकडे दाखवणाऱ्या सिरीयल मॉनिटरचा वेग सेकंदाला ९६०० बिटांवरून १२०० वर आणताच अक्षरं स्वच्छ दिसली. घड्याळ ठरवणाऱ्या लो फ्यूजचा कोड ६२ होता, तो ई२ केला आणि टेबलावर सगळं सुरळीत चालू झालं.

खरी अडचण चाळीत आली. घरी चालणारा बोर्ड चाळीत पत्र्याखाली बांधला की मध्येच आकड्यांच्या जागी चौकटी आणि प्रश्नचिन्हं यायची. सगळी ओळ जायची नाही, एखाद-दोन अक्षरंच. काढून घरी आणला की पुन्हा ठणठणीत. ज्याला विचारलं त्याचं उत्तर एकच, "वायर बदला." दहा मीटरची वायर तीनदा बदलली, एकदा शिल्डवाली महागडी घेतली. ग्राउंड दोन्हीकडे जोडलेलं आहे का ते चारदा पाहिलं. बोर्डाकडची टोकं सोडवून तिथे टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी) या तारा एकमेकींना जोडल्या आणि लॅपटॉपवर टाइप केलं, तेव्हा प्रत्येक अक्षर जसंच्या तसं परत आलं. ही परीक्षा मी पहिल्या दिवशीच करायला हवी होती. मॉड्यूल, वायर आणि लॅपटॉप तिघंही निर्दोष ठरतात आणि एक रुपया लागत नाही. मी ती सहाव्या दिवशी केली, वायरीवर पैसे घालून झाल्यावर. त्याचा राग अजून गेलेला नाही.

सातव्या दिवशी नाना पाणी घेऊन आले. थोडा वेळ स्क्रीनकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हे दुपारीच का बिघडतं रे? सकाळी मी बघतो तेव्हा तर बरं असतं."

मी रोजची नोंद काढून पाहिली. पहाटेपासून दहापर्यंत एकही चूक नाही, बारानंतर चौकटी, सूर्य कलला की पुन्हा नीट. दोष वायरीत नव्हता, उन्हात होता.

मग चिपला एकच काम दिलं : कॅपिटल 'यू' अक्षर न थांबता पाठवत राहायचं. या अक्षराचे बिट शून्य-एक-शून्य-एक असे आळीपाळीने येतात, त्यामुळे ९६०० वर त्या तारेवर बरोबर ४८०० हर्ट्झची लहर मिळायला हवी. हर्ट्झ दाखवणारा साधा मल्टिमीटर लावला. सकाळी सात वाजता ४९७०. दुपारी दोनला, पत्रा हाताला चटका देत असताना, ५०४०.

म्हणजे चिपचं घड्याळ सकाळीच साडेतीन टक्के पुढे होतं आणि दुपारी पाच टक्के. एक अक्षर पाठवायला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट लागतात. प्रत्येक बिटाला पाच टक्के सरकलं, तर दहाव्या बिटापर्यंत अर्धा बिट सरकतो, आणि वाचणारा तर बिटाच्या मध्यावरच पाहत असतो. तिथे तो चुकतो. चिपच्या आतल्या ऑसिलेटरची, म्हणजे याच घड्याळाची, अचूकता डेटाशीटमध्येच १० टक्क्यांच्या आसपास दिलेली आहे, शिवाय तापमान आणि व्होल्टेज बदललं की तो हलतो. माझी चिप सकाळी कशीबशी काठावर उभी होती.

प्रत्येक चिपला १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, म्हणजे बाहेरचं अचूक घड्याळ, आणि २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर लावले. त्यानंतर फ्यूज बदलून बाहेरचा क्रिस्टल निवडायचा, हे विसरू नका. पण क्रिस्टल नीट लागला नसेल आणि फ्यूज आधी बदलला, तर चिप प्रोग्रामरलाही उत्तर देत नाही. तेव्हा सोल्डर तपासूनच फ्यूजला हात लावा. प्रोग्राममध्येही ८ चे १६ करा.

आणखी एक आठवलं. सुरुवातीला लॅपटॉपवर मॉड्यूलचा पोर्टच दिसत नसेल तर आधी यूएसबी केबल बदलून बघा. मोबाइलच्या काही केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात.

क्रिस्टल लावल्यावर दुपारी दोन वाजता मीटर ४८०८ वर थांबला. १६ मेगाहर्ट्झला भागून ९६०० काढताना भाग पूर्ण जात नाही म्हणून वरचे आठ. नानांना हाक मारली. ते आले तेव्हा स्क्रीनवर पाचही ठिकाणचे आकडे ओळीने येत होते, आणि पत्र्याजवळच्या सेन्सरचा पहिलाच आकडा होता ४१.६ अंश.

"एवढं?" नाना म्हणाले, आणि पत्र्यावर उसाचं पाचट टाकायला निघाले.