ब्यूफर्टचा पूल आणि जीनबाईंची लेखणी

आयर्लंडच्या केरी परगण्यात किलार्नीला येणारा प्रवासी साधारणपणे तलाव, मकरॉसचा वाडा आणि डनलोची खिंड पाहून दोन दिवसांत पुढच्या मुक्कामाला निघतो. मी मात्र तिसरा दिवस ब्यूफर्टसाठी राखून ठेवला होता. किलार्नीच्या पश्चिमेला सुमारे दहा किलोमीटरवर, लाऊन नदीच्या काठी वसलेले हे खेडे पर्यटकांच्या यादीत फारसे नसते. मूकपटांच्या अगदी आरंभीची अभिनेत्री, पटकथाकार आणि पुढे कादंबरीकार झालेल्या जीन गाँटिएर यांच्यामुळे मला तेथे जायचे होते. वेळापत्रकातील शनिवारचा रकाना मी सोमवारचा समजून वाचल्यामुळे बस चुकली आणि टॅक्सीचे भाडे मुकाट्याने मोजावे लागले.

जीनबाईंचे मूळ नाव जेनेव्हीव्ह लिगेट. नाटक कंपन्यांबरोबर फिरणारी ही अमेरिकन नटी १९०६ साली चित्रपटात आली ती पोटासाठी, आणि पहिल्याच कामात तिला नदीत फेकून देण्याचे दृश्य वाट्याला आले. त्या काळी रंगभूमीवरची माणसे चित्रपटाला कमी लेखत असत. लवकरच त्या न्यूयॉर्कच्या कॅलेम कंपनीत स्थिरावल्या आणि अभिनयाबरोबर कथाही लिहू लागल्या. १९०७ साली त्यांनी ‘बेन हर’ या गाजलेल्या कादंबरीवरून एका रिळाची पटकथा लिहिली. मूळ लेखकाच्या वारसांची किंवा प्रकाशकांची परवानगी घ्यावी, असे कंपनीत कोणाच्याही मनात आले नाही. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, १९११ साली निकाल कंपनीच्या विरोधात लागला, २५,००० डॉलर मोजावे लागले आणि पुस्तकावर चित्रपट काढायचा तर आधी हक्क विकत घ्यायचे, हा दंडक पडला. आज कादंबरीचे हक्क विकून चार पैसे पाहणाऱ्या लेखकांनी या चुकीचे थोडेफार ऋण मानायला हरकत नाही.

ब्यूफर्टच्या दगडी पुलावर मी पोहोचलो तेव्हा पाऊस पडत होता. पडत होता म्हणण्यापेक्षा हवेत तरंगत होता. कठड्याच्या सांध्यांत शेवाळ इतके दाट साचले होते की बोट टेकवले की पाणी निथळे. दक्षिणेला मॅकगिलिकडीज रीक्सचे डोंगर ढगांत अर्धे बुडालेले. त्यांतला कॅरनटूहिल १,०३८ मीटरचा, म्हणजे आपल्या कळसूबाईहून सहाशे मीटरने बुटका. तरी आयर्लंडचे सर्वोच्च शिखर तेच.

१९१० साली दिग्दर्शक सिडनी ओलकॉट, छायाचित्रकार जॉर्ज हॉलिस्टर आणि जीनबाई अशी मोजकी मंडळी अमेरिकेहून या भागात आली. ‘द लॅड फ्रॉम ओल्ड आयर्लंड’ या चित्रपटाची पटकथा जीनबाईंची आणि नायिकाही त्याच. पोट भरायला अमेरिकेला गेलेला मुलगा पैसा कमावून परततो आणि घराबाहेर काढल्या जाणाऱ्या प्रेयसीला वाचवतो, एवढीच गोष्ट. पण अमेरिकेत राबणाऱ्या आयरिश प्रेक्षकांना आपला खराखुरा गाव पडद्यावर पाहायला मिळाला. पुढच्या वर्षी मंडळी परत आली आणि त्यांनी ब्यूफर्टमध्येच तळ ठोकला. विजेचे दिवे नसल्यामुळे घरातील प्रसंगही उघड्यावर मंच उभारून, सूर्यप्रकाशात चित्रित करावे लागत. केरीतल्या पावसात सूर्याची वाट पाहत बसलेली ती मंडळी मला त्या पुलावर स्पष्ट दिसली. रंग फासलेल्या या नटनट्यांविरुद्ध एका धर्मगुरूने प्रवचनात तोंडसुख घेतल्याचे जीनबाईंनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. तमाशाच्या फडाला वेशीबाहेर ठेवणाऱ्या आपल्या गावांची मला साहजिकच आठवण झाली.

‘द कॉलीन बॉन’ हा तीन रिळांचा चित्रपट त्याच १९११ सालचा. त्यात बुडवून मारायला नेल्या जाणाऱ्या आयलीचे काम जीनबाईंनीच केले. मकरॉस तलावात त्या कथेच्या नावाचा एक खडक आहे. आदल्या दिवशी मी तो काठावरून पाहिला होता आणि खरे सांगायचे तर निराश झालो होतो. पाण्यातून डोके वर काढलेला साधा कातळ तो. आयलीची गोष्ट ठाऊक नसेल तर त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघावेसेही वाटू नये.

१९१२ साली हीच मंडळी इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये गेली. तेथे ‘फ्रॉम द मेंजर टू द क्रॉस’ हा ख्रिस्तचरित्रपट तयार झाला. पटकथा जीनबाईंची, मेरीची भूमिकाही त्यांचीच. (दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत पाहिलेला ख्रिस्तपट हा नव्हे, तो याच्या आधीचा.) त्यानंतर कॅलेम सोडून त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली आणि १९१३ साली त्या पुन्हा ब्यूफर्टला आल्या. भारतात ज्या वर्षी दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई पडद्यावर आल्या, त्याच वर्षी या खेड्यात एक बाई स्वतःच्या कंपनीसाठी चित्रपट करत होती, हा योगायोग मला फार भावला.

मोठ्या स्टुडिओंच्या काळात मात्र त्यांचे मन रमले नाही. चित्रपट सोडून त्या कॅन्सस सिटीतील वृत्तपत्रात समीक्षक झाल्या. १९२८–२९ मध्ये त्यांच्या आठवणी ‘ब्लेझिंग द ट्रेल’ या नावाने एका मासिकात क्रमशः आल्या, १९२९ साली ‘कॅबेजेस अँड हार्लेक्विन्स’ आणि १९३३ साली ‘स्पोर्टिंग लेडी’ या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. अभिनेत्री पुढे लेखिका झाली, असे त्यांच्याविषयी सहज म्हटले जाते. मला ते पटत नाही. नदीत उडी मारणारी आणि ती उडी कागदावर मांडणारी बाई या खेड्यातही एकच होती. कादंबरीच्या वेळी फक्त कॅमेरा बाजूला झाला. १९६६ साली मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे त्यांचे निधन झाले.

दुपारी तीनच्या सुमारास ढग फाटले आणि नदीवर अचानक ऊन पडले. परतीची बस यायला वीस मिनिटे होती. मी छत्री मिटून कठड्याला टेकलो. ऊन जेमतेम सात-आठ मिनिटे टिकले. एका प्रसंगापुरते नक्कीच पुरले असते.