आरशावरची स्लाइड

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून माझी सगळी नोकरी झाली. साठाव्या वर्षी निवृत्त झाले आणि एका सेवाभावी संस्थेतर्फे युगांडाला जायचं ठरवलं. पगार नाही, राहण्या-जेवणाची सोय त्यांची. सासूबाई म्हणाल्या, ‘‘पेन्शन लागली, आता घरात बसशील म्हटलं मी. खरं तू तर आफ्रिकेला चाललीस की गे! आणि तिथं खातीस काय?’’ म्हटलं, हिरवी केळी उकडून खातात, मक्याचं पीठ शिजवतात, वाळलेली बारीक मासळी असते. ‘‘मग काय, आपल्यासारखंच की,’’ म्हणाल्या, आणि विषय मिटला.

कागदपत्रांनी मात्र घाम काढला. शाळेचा दाखला मराठीत, नोकरीची कागदं कन्नडमध्ये, पासपोर्ट इंग्रजीत आणि तिन्हीकडे माझ्या नावाची तीन रूपं. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. नोटरीकडे प्रतिज्ञापत्र करून ते निस्तरलं. मग पीतज्वराची लस. तिच्या पिवळ्या कार्डाशिवाय युगांडात पाऊल ठेवता येत नाही. त्यासाठी गोव्यातलं मुरगावचं केंद्र धरलं. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून गेलो. ही जिवंत लस, साठीच्या पुढच्यांना जपून देतात. तिथल्या डॉक्टरांनी पाऊण तास उलटतपासणी घेतली, मगच सुई टोचली. कार्ड लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं, त्यामुळे तिकीट त्या हिशेबाने काढलं. मलेरिया टाळायला डॉक्सिसायक्लिन रोज, आणि परत आल्यावरही ४ आठवडे.

खरी तयारी डोळ्यांची होती. आमच्याकडे तापाच्या पेशंटचं रक्त काचेवर घेऊन मलेरियासाठी तपासायचं, आणि महिनोन् महिने एकही पॉझिटिव्ह नाही. मंगळुरूहून किंवा गोव्यातल्या बांधकामावरून परतलेला एखादा मजूर सापडला तर सापडला. नुसती निगेटिव्ह बघून नजर बोथट होते, हे कुणी बोलत नाही. म्हणून ओळखीच्या लॅबमधून जुन्या पॉझिटिव्ह स्लाइड मागून आणल्या आणि जायच्या आधी रोज दुपारी त्या बघत बसले.

माझं केंद्र जिंजाच्या पलीकडे, बुसोगा भागात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, तांबडी माती, जागोजाग फणस. क्षणभर वाटावं, गाडी नंदगडकडेच चाललीय. पेशंट लुसोगात बोलणार आणि रजिस्टर इंग्रजीत भरायचं, याचंही काही वाटलं नाही. मराठीत ऐकून कन्नडमध्ये लिहिण्यातच माझा जन्म गेलाय.

तिथल्या लॅबमध्ये एक तरुण असिस्टंट होता. हात चलाख, मलेरिया तपासायच्या किटवर तर भलताच तयार. बोटाच्या टोकाचं रक्त, थेंबभर द्रावण, पंधरा मिनिटांत रेघ. वीज लागत नाही, तेव्हा सगळी भिस्त किटवरच. मीही पहिले काही दिवस त्याच्याकडून रजिस्टरची पद्धत शिकत होते.

त्या दुपारी पाऊस झोडपून गेला आणि वीज गेली. तेवढ्यात तीन-एक वर्षांच्या पोराला घेऊन आई आली. अंग तापलेलं, झटका येऊन गेलेला, डोळ्यांची आतली बाजू पांढरीफटक. नर्सबाईंनी वाट न बघता मलेरियावरचं आर्टेसुनेटचं इंजेक्शन दिलं, शिरेतून साखर दिली. किट पॉझिटिव्ह आलं. पण आई सांगत होती, दोन आठवड्यांपूर्वीच मलेरियाच्या गोळ्यांचा कोर्स पुरा केलाय. इथं पंचाईत होती. किट मलेरियाच्या जंतूचं एक प्रथिन ओळखतं, आणि जंतू मेले तरी ते रक्तात आठवडे-आठवडे राहतं. म्हणजे ही रेघ आजची की मागची? मागची असेल तर झटक्याचं कारण दुसरं, कदाचित मेंदूज्वर. याचं उत्तर स्लाइडच देणार, आणि विजेचा मायक्रोस्कोप बंद. सोलर होतं, पण ते बाळंतपणाच्या खोलीला आणि लसीच्या फ्रिजला.

कपाटावर एक जुना, आरशाचा मायक्रोस्कोप धूळ खात पडलेला मी आल्या दिवशीच बघून ठेवला होता. कणकुंबीकडच्या पावसाळ्यात वीज चार-चार दिवस नसायची. आमचं निम्मं काम आरशावर झालंय. तो खाली काढला, पुसला, खिडकीशी मांडला. थेट उन्हाकडे आरसा कधी धरायचा नाही, डोळा जाईल. पांढऱ्या ढगाकडे वळवायचा. एवढं असिस्टंटला दाखवलं आणि काचेवरचा रक्ताचा जाड थेंब गिम्साच्या रंगात १० मिनिटं ठेवला. काच धुऊन वाळायला जो वेळ गेला, तो फार लांबला. फुंकर मारायची नाही, तापवायचं नाही, नुसतं थांबायचं.

तेल टाकून बघितलं. जंतूंनी काच भरलेली. नाकातल्या मोरणीसारखं बारीक निळसर वलय, कडेला लाल खडा; कुठं कुठं दोन खडे. २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत जंतू किती, त्याला ४० ने गुणायचं, की एका मायक्रोलिटर रक्तातले जंतू कळतात. मी आरसा सांभाळत राहिले, मोजणी त्यालाच करायला लावली. स्वयंसेवक उठून गेल्यावर इथं बसणारा तोच आहे, तेव्हा सवय त्याच्या डोळ्याला लागलेली बरी. आकडा लाखाच्या वर गेला. हिमोग्लोबिन ४ च्या आसपास. आमच्या केंद्रात रक्त चढवायची सोय नाही, म्हणून क्लिनिकल ऑफिसरनी चिठ्ठीवर दोन्ही आकडे घालून पोराला जिल्ह्याच्या इस्पितळात पाठवलं. तिथं रक्त मिळालं. पोर वाचलं.

दुसऱ्या दिवशी वीज आली. तरी आमचा असिस्टंट खिडकीशी आरसा फिरवत स्लाइड बघत बसलेला. शेवटी म्हटलं, ‘‘बाबा, आता दिव्यावर बघ, बाहेर बाकावर जागा उरली नाही.’’