डबी सापडली का?

टेकडीवर रोज येणाऱ्यांचे पुण्यात ठरलेले प्रकार आहेत. हात जोरजोरात हलवत चालणारे, कुत्र्यामागे फरफटत जाणारे, घरून बाटली आणून रोपांना पाणी घालणारे आणि बाकावर बसून महापालिका चालवणारे. यात कुठेच न बसणारी एक जमात आहे. हे लोक फोन हातात धरून एखाद्या झाडाभोवती घिरट्या घालतात, दगडांच्या फटीत डोकावतात आणि कुणाची चाहूल लागली की पक्षी बघत असल्याचं सोंग आणतात. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. मला त्यात भाचीने ओढलं.

खेळ साधा आहे. कुणीतरी डबी लपवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. आपण ती शोधायची, आतल्या चिटोऱ्यावर नाव-तारीख लिहायची आणि होती तशीच परत ठेवायची. मोठा डबा असेल तर त्यात किडुकमिडुक वस्तू असतात. एखादी उचलली तर तेवढ्याच तोलाची दुसरी टाकायची. खाऊ मात्र ठेवायचा नाही, मुंग्या आणि उंदीर आपल्याआधी पोचतात.

याचा जन्म मोठा मजेशीर आहे. जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये अमेरिकन सरकार मुद्दाम चूक घालत असे, त्यामुळे शंभर मीटरपर्यंतचा फरक सहज पडायचा. २ मे २००० ला ती चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी रानात एक बादली ठेवली आणि तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर टाकला. बादलीत इतर सामानाबरोबर बीन्सचा एक डबा होता. आकाशात एवढे महागडे उपग्रह फिरताहेत आणि त्यांच्या मदतीने शोधायचं काय, तर बीन्स! माझी या खेळावरची श्रद्धा तिथेच बसली.

अक्षांश-रेखांशाचे आकडे मिनिटाच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या, तिसऱ्या दशांशापर्यंत दिलेले असतात. तो शेवटचा आकडा एकाने बदलला तर जमिनीवर दोन मीटरही फरक पडत नाही. फोनला मात्र एवढं जमत नाही, दाट झाडीत तर तो बराच भरकटतो. उपग्रह आपल्याला गल्लीच्या तोंडाशी सोडतो, घर आपणच विचारत जायचं.

आणि इथेच आपल्या टेकड्यांचं खरं रूप कळतं. वेताळ टेकडी घ्या किंवा तळजई, कितीतरी भाग गिरिपुष्पाच्या झाडांनी भरलेला आहे. वनखात्याने टेकड्या हिरव्या करायला ते लावलं. फांदी रोवली तरी फुटतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलतं, फोटो झकास येतात. पण त्या झाडीत डबी शोधणं ही निव्वळ शिक्षा. ‘झाडाच्या बुंध्याशी बघा’ अशी खूण दिलेली असते. कुठल्या झाडाच्या? सगळी एकाच वयाची, एकाच जाडीची, एकाच साच्यातली. याउलट सालई लांबूनही ओळखू येते. जवळ गेलं की खोडावर कागदासारखे पापुद्रे सुटलेले दिसतात. खैर, हिवर, पळस, जुन्या खाणीची कड, प्रत्येकाची खूण एका ओळीत सांगता येते. तेव्हापासून टेकडीचा कुठलाही कोपरा मी याच हिशेबाने बघतो: इथला पत्ता शब्दांत सांगता येईल का? जैवविविधता मोजायची ही रीत वनस्पतिशास्त्रज्ञांना पटणार नाही, पण मला तरी ती अजून दगा देत नाही.

फटीत हात घालायचा नाही, आधी काठी. टेकडीवर विषारी फुरसं असतं आणि त्याला आपल्या खेळात काडीचा रस नसतो. एकदा दगड कलता केला तर खाली विंचू, नांगी पाठीवर वळवून तयारीत. दगड होता तसा अलगद टेकवला. त्याचं छप्पर ते. खणायचं नाही हा तर खेळाचाच नियम आहे, आणि येताना वाटेतला कचरा पिशवीत भरून खाली आणायची चांगली पद्धतही. तरी पावसाळ्यानंतर चार उत्साही मंडळींनी डबीभोवतालचं गवत तुडवून ठेवलेलं दिसतं. अशा वेळी डबीवाल्याने सरळ ती काढून घ्यावी, जागेला श्वास घेऊ द्यावा.

माणसांचा उपद्रव वेगळा. एकदा वाकून शोधत होतो, तर मागून आवाज.

“काही पडलंय का तुमचं?”

“नाही हो, असंच.”

‘असंच’वर समाधान मानेल तो पुणेकर कसला? काका वाकून माझ्याबरोबर शोधायला लागले. काय शोधायचं हे माहीत नसताना त्यांनीच आधी ती बोटभर डबी काढली आणि “लोक काय वाट्टेल ते टाकतात इथे” म्हणत कचऱ्याच्या पिशवीत टाकायला निघाले. सगळं समजावून सांगितल्यावर “एवढ्यासाठी?” म्हणाले. मग चष्मा लावून चिटोऱ्यावर सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं. पुढे ‘निवृत्त’.

आता भाचीला आमची स्वतःची डबी ठेवायची आहे. आधीच्या कुठल्याही डबीपासून ती किमान १६१ मीटर दूर हवी आणि जागा ज्याची असेल त्याची परवानगी हवी. म्हणून मी अर्ज लिहायला बसलो. ‘विषय: टेकडीवर डबी लपविण्यास परवानगी मिळणेबाबत.’ डबीतील वस्तूंची यादी जोडली: वही एक, पेन्सिल एक, गोट्या तीन.

“मामा, जागेचा नकाशा आणि फोटोही लागेल,” भाची म्हणाली. “खुणेसकट. आणि दोन प्रती, एकीवर पोच घ्यायला.”

“मग लपवायचं काय राहिलं?”

“गोट्या,” ती म्हणाली आणि नकाशा काढायला बसली.