शिबिराच्या टेबलावर व्हिजिटिंग कार्ड नको

आमच्या अभियंत्यांच्या संघटनेच्या ठाणे शाखेचा मी गेल्या कार्यकाळात मानद सचिव होतो. व्याख्यानं, साइट व्हिजिट, वार्षिक स्नेहसंमेलन हे सगळं झालं. पण लिहून ठेवावं असं काम एकच. मोफत मार्गदर्शन शिबिरात ज्या इमारतीला सल्ला दिला, तिचं काम त्या सभासदाने घ्यायचं नाही, हा नियम आम्ही मंजूर करून घेतला.

पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची धोकादायक इमारतींची यादी येते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी माणसं राहत असताना दुरुस्त करता येते, सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. नोटीस आली की नौपाडा, कोपरी, कळव्यातल्या जुन्या सोसायट्यांची झोप उडते. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ-डायघरला लकी कंपाउंडमधली इमारत कोसळून ७४ माणसं गेली. ती बेकायदा आणि बांधकाम चालू असलेली इमारत होती, जुनी नव्हे. पण ठाणेकर भेगेकडे पाहतो तेव्हा त्याला तीही आठवते. अशा घाबरलेल्या लोकांसाठी आम्ही रविवारी सकाळी शिबिर घेत असू.

एकदा कोपरीच्या एक आजी पिशवीत छताचा निखळलेला तुकडा घेऊन आल्या. आतल्या बाजूला सळईचा गंजलेला ठसा स्पष्ट उमटला होता. "बाळा, एवढा पावसाळा निघेल का आमचा?" असं त्यांनी विचारलं. टेबलावर बसलेल्या आमच्या सभासदाने स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, ताबडतोब करून घ्या असं सांगितलं. सल्ला बरोबरच होता. नंतर त्याने आपलं कार्ड दिलं आणि थोड्याच दिवसांत त्याच्या फर्मचं कोटेशन सोसायटीत पोचलं. सोसायटीचे सेक्रेटरी काका मला फोनवर म्हणाले, "साहेब, एवढंच सांगा, तुम्ही आम्हाला घाबरवलंत ते खरं म्हणून, की काम मिळावं म्हणून?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे पटेल असं उत्तर नव्हतं. इमारतीत गंज होताच, पण ते त्यांनी आमच्या शब्दावर का मानावं?

कार्यकारिणीत विषय काढला तेव्हा वातावरण तापलं. "आपण रविवार देतो, पेट्रोल आपलं, मग काम मिळालं तर बिघडलं कुठे?" हा मुद्दा सगळ्यांत जोरात आला आणि तो पोकळ नव्हता. नुकती स्वतःची प्रॅक्टिस सुरू केलेल्या मुलांना ओळखीतूनच कामं मिळतात. मोठ्या फर्मना शिबिराची गरज नसते, म्हणजे नियमाचा भार लहानांवरच पडणार. मी पहिल्या मसुद्यात कायमची बंदी लिहिली होती, ती या चर्चेनंतर एका वर्षावर आली. त्या बदल्यात पदाधिकाऱ्यांसाठी अट कडक केली: जो कार्यकारिणीत आहे त्याने कार्यकाळ संपेपर्यंत शिबिरातून आलेलं कुठलंही काम घ्यायचं नाही, स्वतः सल्ला दिलेला असो वा नसो. यावर आमच्या शाखेतल्या सर्वांत ज्येष्ठ सरांनी कागद पुढे ओढला आणि काही न बोलता पहिली सही केली. ऑडिटची सर्वाधिक कामं त्यांच्याकडेच येतात. त्या सहीनंतर विरोध निवळला. माझ्या मते स्वयंसेवी संस्थेत नेतृत्व म्हणतात ते इतकंच असतं: आपण मांडलेल्या नियमाची झळ आधी आपल्याला बसली पाहिजे. पगार नाही, बढती नाही, त्यामुळे इथे हुकूम चालत नाही.

संघटनेच्या घटनेत बदल करायचा म्हटलं की धर्मादाय कार्यालयापर्यंतची प्रक्रिया आली. म्हणून आम्ही हे कार्यनियम म्हणून सर्वसाधारण सभेत ठराव करून घेतलं. मुदतीत नोटीस, विषयपत्रिकेवर स्वतंत्र विषय, मसुदा आधी सगळ्यांच्या हातात. आयत्या वेळच्या विषयात हे घुसवलं असतं तर मंजूर झालंही असतं, पण नंतर कुणी पाळलं नसतं.

ठरावात आणखी दोन गोष्टी आल्या. एका टेबलावर दोन अभियंते बसतील आणि मत दोघांचं मिळून जाईल. आणि लोकांना कुणा एकाचं नाव सांगायचं नाही. महापालिकेकडे नोंदणी असलेल्या अभियंत्यांची यादी द्यायची, किमान तीन कोटेशन मागवायला सांगायचं, आणि कोटेशनमध्ये काय पाहायचं ते समजावायचं. नुसती पाहणी की चाचण्याही? काँक्रीटच्या पृष्ठभागाच्या कठीणपणासाठी रिबाउंड हॅमर, आतल्या भेगा-पोकळ्यांसाठी अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी, सळईच्या गंजासाठी हाफ सेल, आणि कोअर म्हणजे तपासायला काँक्रीटचा नळकांडीसारखा तुकडा काढणार असतील तर किती, कुठून? हे विचारता येऊ लागल्यावर सोसायटीवाल्यांचा आवाजच बदलतो. तीस वर्षांवरच्या इमारतीला ऑडिट कायद्यानेच करावं लागतं, हेही अनेकांना शिबिरातच कळतं.

पुढच्या शिबिराला आमच्या सभासदांतले काही जुने चेहरे आले नाहीत. त्याचं वाईट वाटलं, पण त्यांची समजूत घालायला नियम सैल करावा असं कुणीच म्हटलं नाही. कळव्याच्या एका सोसायटीने आमच्या तरुण अभियंता ताईंना तिथेच काम देऊ केलं. "काका, नाही घेता येणार, पण रिपोर्ट आला की घेऊन या, मी वाचून समजावते," असं त्या म्हणाल्या. ते काका खरंच रिपोर्ट घेऊन आले.

नव्या सचिवांकडे दफ्तर सोपवलं तेव्हा एक प्रश्न तसाच राहिला होता. सभासदाने काम घ्यायचं नाही, पण त्याच्या भागीदाराने किंवा घरच्या कुणी घेतलं तर? माझं मत बंदी त्यांनाही असावी असं आहे आणि तसा लेखी प्रस्ताव मी दिला आहे. भागीदारांचं ठीक, पण नवरा-बायको दोघंही अभियंते असलेल्या घरांवर हा अन्याय आहे, असं काही सभासदांनी लेखीच कळवलंय. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर दोन्ही पत्रं लागली आहेत.